दुसऱ्या बॅटरीचा खर्च कोणी सोसावयाचा?



विजेच्या सायकलीविषयी जे लिहिले-बोलले जाते, ते बहुतेक पहिल्या महिन्याचे असते. नवे वाहन, आवाज नाही, धूर नाही, पेट्रोलची बचत, एवढ्यावर कौतुक आटोपते. कामगाराला मात्र ती सायकल वर्षानुवर्षे, पावसापाण्यात, पाळीच्या वेळा सांभाळीत चालवावयाची असते. वाहनाची परीक्षा तिसऱ्या-चौथ्या वर्षी होते, आणि त्या वर्षाविषयी विक्रेता बोलत नाही, सरकारही बोलत नाही.

चिखलीत राहून भोसरीच्या औद्योगिक वसाहतीत कामाला जाणारा कामगार उदाहरणादाखल घ्यावा. जाऊन-येऊन पंधराएक किलोमीटरचे अंतर. दुसरी पाळी सुटते तेव्हा रात्र झालेली असते आणि बस मिळेलच याची शाश्वती नसते. स्कूटर ठेवली तर महिन्याला सात-आठशे रुपये पेट्रोलात जातात. हेच अंतर पायडल मारीत, मोटरची जोड घेऊन कापले, तर किलोमीटरला दहा ते पंधरा वॅट-तास वीज पुरते. महिन्याचे काम पाच-सहा युनिटांत भागते. घरातला छताचा पंखा तीन दिवस अखंड फिरला तर साधारण एवढीच वीज खातो. ही वीज बव्हंशी कोळशाची आहे, शहरातला धूर चंद्रपूरच्या माथी जातो, हा आक्षेप खरा आहे. पण इतक्या अल्प विजेवर माणूस वाहून नेणारे दुसरे यंत्र दाखविणे आक्षेप घेणाऱ्यांनाही जड जाईल. शिवाय २५० वॅटपर्यंतच्या मोटरीच्या आणि ताशी २५ किलोमीटरच्या आत चालणाऱ्या वाहनाला नोंदणी लागत नाही, परवाना लागत नाही. परवान्याच्या खेपा घालण्यास ज्यांना सवड नसते, अशा कष्टकरी स्त्रियांना ही सवलत मोलाची आहे.

विजेची सायकल हे आळशांचे वाहन, अशी थट्टा कधी कधी ऐकू येते. आठ तास यंत्रापुढे उभे राहून रात्री समोरच्या वाऱ्यात चढ चढण्याचा प्रसंग थट्टा करणाऱ्यांवर सहसा आलेला नसतो.

आता पुढच्या वर्षांकडे वळावयाचे. मोटर मागल्या चाकात असली की त्या चाकावर भार पडतो. खड्ड्यांतून स्पोक तुटू लागतात. वजन आणि वेग अधिक, म्हणून ब्रेकचे रबर लवकर झिजते. पावसाळ्यात वायरींच्या जोडांत पाणी शिरते. पंक्चर आणि स्पोक कोपऱ्यावरचा सायकलवाला निस्तरतो, पण कंट्रोलर बिघडला की त्याचेही हात टेकतात आणि कंपनीकडून भाग येईपर्यंत खाडे तरी पडतात, नाहीतर रिक्षाचे भाडे तरी. तरीही ही सारी दुखणी सोसण्याजोगी आहेत. न सोसण्याजोगे दुखणे बॅटरीचे. शिशाची बॅटरी दीड-दोन वर्षांत थकते; लिथियमची, नीट वापरली तर, तीन ते पाच वर्षे टिकते. तापल्या पत्र्याखाली पूर्ण भरून ठेवली तर त्याहून कमी. पूर्वी दोन दिवस पुरणारी वीज एक दिवस पुरू लागते, मग परतीच्या वाटेवर संपते, आणि वीसेक किलोचे वाहन रात्री नुसत्या पायांनी रेटावे लागते.

नवी बॅटरी घ्यावयाची तर सायकलीच्या किमतीच्या तिसऱ्या हिश्शाच्या आसपास रक्कम लागते. तीन वर्षांत पेट्रोलाची जी बचत झाली ती याहून कितीतरी जास्त आहे, हे कागदावर निर्विवाद आहे. परंतु बचत रोजच्या वीस-पंचवीस रुपयांनी येते आणि किराणा, शाळेची फी, औषधपाणी यांत विरून जाते. खर्च मात्र एकरकमी उभा राहतो. ज्याच्यापाशी ती रक्कम नसते तो जुन्या सेलांची जोडलेली स्वस्त बॅटरी घेतो, मिळेल तो चार्जर लावतो, आणि एका खोलीच्या घरात, दाराशीच, रात्रभर चार्ज करतो. दारिद्र्यातून धोका निर्माण होतो तो असा. सिकंदराबादेत सप्टेंबर २०२२ मध्ये तळाशी विजेच्या स्कूटरचे दालन असलेल्या हॉटेलच्या इमारतीत आग लागली व आठ माणसे गेली. चीनमधील नानजिंग येथे फेब्रुवारी २०२४ मध्ये विजेच्या दुचाकी ठेवलेल्या मजल्यावर आग सुरू झाली आणि पंधरा जणांचा बळी गेला.

चीनचा दाखला अशासाठी की, या वाहनाचा इतका दीर्घ आणि इतका व्यापक अनुभव अन्य कोणत्याही देशाला नाही. तेथे अशा दुचाकींची संख्या पस्तीस कोटींच्या घरात गेली आहे. अनेक शहरांनी पेट्रोलच्या मोटारसायकलींवर बंदी घातल्यावर सामान्य माणसाने हे वाहन जवळ केले. २०१९ पासून तेथे वेगाला २५ किलोमीटरची आणि वजनाला ५५ किलोंची मर्यादा लागू झाली. २०२१ मध्ये उंच इमारतींच्या जिन्यांत व सामाईक वाटांत चार्जिंग करण्यास देशभर मनाई झाली. पण नुसत्या मनाईने कोणी बॅटरी उपाशी ठेवीत नाही. वस्त्यांच्या आवारात पैसे टाकून चार्ज करण्याच्या शेड उभ्या कराव्या लागल्या.

आपल्याकडे काय घडले? १ एप्रिल २०१९ पासून पाच वर्षे केंद्राने विजेच्या वाहनांना अनुदान दिले. दुचाकीसाठी अट अशी होती की तिचा वेग किमान ताशी ४० किलोमीटर हवा आणि एका चार्जमध्ये ती ८० किलोमीटर धावावयास हवी. म्हणजे जे वाहन स्वस्त, संथ आणि विनापरवाना, तेच नेमके वगळले गेले. ऑगस्ट २०१९ मध्ये विजेच्या मोटारींवरील वस्तू व सेवा कर पाच टक्क्यांवर आला. साध्या सायकलीवरील कर मात्र सप्टेंबर २०२५ पर्यंत बारा टक्के राहिला. लाखो रुपयांच्या मोटारीला पाच आणि पायडलला बारा, हे गणित सहा वर्षे चालले व त्यावरून संसद बंद पडल्याचे काही ऐकिवात नाही.

केंद्राच्या धोरणाची वाट पाहत बसण्याचे मात्र कारण नाही. कारखान्यांतील पतपेढ्या लग्नासाठी व घरदुरुस्तीसाठी कर्ज देतात. दुसऱ्या बॅटरीसाठी अल्प व्याजाचे कर्ज देण्यासही त्यांना हरकत नसावी, आणि ते प्रमाणित बॅटरीसाठीच मिळेल अशी अट घालता येईल. कारखान्याच्या आवारात, इमारतीपासून दूर, छप्पर असलेली चार्जिंगची जागा ही वेतनकरारातील मागणी होऊ शकते. शंभर सायकली रोज चार्ज केल्या तरी वीस-पंचवीस युनिटे वीज लागेल. कॅन्टीनच्या दरांवर करारात ओळी लिहिल्या जातात; तशीच ही एक ओळ येत्या मागणीपत्रात घालता येईल.