टर्बोचा फुसकारा
टर्बो पेट्रोल गाडीचा ॲक्सिलरेटर एकदम सोडला की थ्रॉटल मिटतो, पण टर्बो फिरतच असतो. दाबलेली हवा अडते, उलटी फिरून कॉम्प्रेसरच्या पात्यांवर आदळते आणि फडफड ऐकू येते. त्या हवेला वाट करून देणारी झडप म्हणजे ब्लो-ऑफ व्हॉल्व्ह. डिझेल गाड्यांना तिची सहसा गरज नसते.

काही झडपा हवा बाहेर सोडतात, काही पुन्हा इंजिनाच्या वाटेवर वळवतात. तरुणांना पहिली आवडते. फुसकारा जोरात येतो ना! पण सुबारू डब्ल्यूआरएक्ससारख्या गाडीत आत येणारी हवा सेन्सर आधीच मोजतो. मोजलेली हवा बाहेर गेली, तरी पेट्रोल मात्र तिच्या हिशेबाने पडते. मग गाडी अडखळते, काळा धूर सोडते. अशा गाडीला परत वळवणारीच झडप घ्यावी. आवाजाचा मोह आवरावा.

आता झडपेतली स्प्रिंग. ती फार सैल असेल, तर आयडलिंगलाही झडप उघडी राहते आणि बाहेर सोडणाऱ्या प्रकारात तिथून न गाळलेली हवा आत ओढली जाते. फार घट्ट असेल, तर फडफड परत सुरू. म्हणून सैल बाजूने सुरुवात करून स्प्रिंगचा स्क्रू थोडाथोडा आवळावा. इंजिन गरम असताना आयडलिंगला झडप पूर्ण मिटली पाहिजे आणि पाय काढताच उघडली पाहिजे. एवढे करूनही जमत नसेल, तर मॅनिफोल्डकडून येणारी व्हॅक्यूमची बारीक नळी चिरली आहे का, ते बघा.