जस्ताची भुकटी

नवी पेठेतल्या दुकानात कुणी निळी चादर उलगडली, की मला ओल्या चुन्याचा वास येतो. माझे अब्बा इथे सोलापुरातच सूत रंगवायचे. पुढे हायड्रोस आले; अब्बा शिकले ते जस्ताच्या भुकटीवर.

नीळ पाण्यात विरघळत नाही, आणि विरघळल्याशिवाय सुतात शिरत नाही. म्हणून कुंडात निळीबरोबर चुना आणि जस्ताची करडी भुकटी घालायची. जस्ताच्या करणीने निळीचे रूप पालटते, पाणी पिवळट हिरवे होते. बुडवलेले सूतही पिवळटच बाहेर येते. हवेत धरले, की पाहता पाहता निळे! कवितेचा नाद मला तिथे लागला, असे मी लोकांना सांगतो. खरे तर मी डबा पोचवायला जात असे.

१९८३ च्या पावसाळ्यात पत्रा गळला आणि जुन्या भुकटीच्या डब्यात पाणी गेले. झाकण फुगले, डबा हाताला गरम लागू लागला. एक पोरगा बादली घेऊन धावला.

"चाचा, पाणी ओतू?"

"पाणी नको रे! ती बिडी विझव आधी, आणि बाहेर व्हा सगळे!"

ओल्या जस्तातून हायड्रोजन निघतो. आम्लाशी किंवा अल्कलीशी गाठ पडली तर फारच झपाट्याने. त्याला एक ठिणगी पुरते. शिवाय भुकटी आपोआप तापत जाते, आणि पेटल्यावर पाणी मारले तर आगीला खाद्यच मिळते. कोरडी भुकटी हवेत उडाली तरी स्फोटाची भीती असतेच.

आम्ही रस्त्यावर उभे होतो. झाकण उडाले, निळसर हिरवी ज्वाळा आणि पांढरा धूर दिसला. तो धूर छातीत गेला तर थंडी वाजून ताप भरतो; जस्ताचा पत्रा जोडणाऱ्या वेल्डरांना हा ताप ठाऊक आहे. अब्बांनी नाकाला पंचा बांधला आणि कोरड्या रेतीने आग दाबली. रेतीचे ते पिंप त्यांनी हट्टाने ठेवले होते. मालक त्याला हसत असे.

हीच भुकटी लोखंडी पुलांच्या रंगात असते. तिथे जस्त स्वतः झिजते आणि लोखंडाला गंजू देत नाही. सायनाइडच्या द्रावणातून सोने वेगळे करायलाही ती लागते.

दुसऱ्या दिवशी मालकाने आणखी दोन पिंपे मागवली. रेती चाळून, वाळवून भरायचे काम मात्र अब्बांच्याच माथी आले.