अग्निशमन आणि आपत्कालीन वैद्यकीय सेवा : चेन्नईतील संयुक्त प्रशिक्षणाचा प्रश्न



२८ जून २०१४ रोजी सायंकाळी चेन्नईतील पोरूरजवळच्या मौलिवाक्कम येथे बांधकाम चालू असलेली अकरा मजली इमारत कोसळली. या दुर्घटनेत ६१ जण मृत्युमुखी पडले. परराज्यांतून पोटासाठी आलेल्या बांधकाम मजुरांचा त्यांत मोठा भरणा होता. तमिळनाडू अग्निशमन व बचाव सेवेचे जवान, अरक्कोणम येथील राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची चौथी बटालियन, पोलीस आणि १०८ क्रमांकाच्या रुग्णवाहिका अशा निरनिराळ्या यंत्रणा अनेक दिवस त्या एकाच ढिगाऱ्याभोवती काम करीत होत्या.

ढिगाऱ्याखाली दीर्घकाळ दबलेल्या माणसाच्या बाबतीत एक विलक्षण गोष्ट घडू शकते. तो शुद्धीवर असतो, बोलतो, पाणी मागतो. जवान जिवाचे रान करून त्याच्या पायावरील तुळई उचलतात आणि त्यानंतर थोड्याच वेळात त्याचे हृदय बंद पडते. दबलेल्या स्नायूंतील पेशी तासन् तास रक्ताविना मरत असतात. त्यांतील पोटॅशियम, आम्ले आणि मायोग्लोबिन हे प्रथिन तेथेच साचून राहते. दाब हटताच हा सारा विषारी साठा रक्तप्रवाहात शिरतो. पोटॅशियममुळे हृदयाची लय बिघडते, तर त्यातून वाचलेल्याची मूत्रपिंडे पुढे मायोग्लोबिनमुळे निकामी होऊ शकतात. दुसऱ्या महायुद्धात लंडनवर झालेल्या बॉम्बवर्षावात घरांखाली गाडल्या गेलेल्या रुग्णांवरून बायवॉटर्स आणि बील या डॉक्टरांनी १९४१ मध्ये या विकाराचे वर्णन केले. त्यावरील उपाय साधा आहे : ओझे उचलण्यापूर्वी शिरेतून सलाईन चालू करावयाचे, आणि तेही पोटॅशियमविरहित. मात्र हा उपाय रुग्णालयात करून भागत नाही. तो ढिगाऱ्याच्या फटीतच करावा लागतो.

अग्निशामकाचे सारे शिक्षण त्याला 'लवकर उचल' असे सांगते. वैद्यकीय शिक्षण येथे 'थांब, आधी सलाईन' असे सांगते. जळत्या इमारतीपाशी हेच चित्र उलटे होते. तेथे रुग्णाकडे धावण्याची घाई वैद्यकीय सेवकाला असते आणि त्याला दोराबाहेर रोखून धरण्याचे काम अग्निशामकाला करावे लागते. दोन्ही सेवांना आपापली घाई उत्तम शिकविलेली असते. दुसऱ्याच्या सांगण्यावरून थांबणे मात्र सहसा कोणी शिकवीत नाही. अशा संयुक्त वर्गाचे नेतृत्व करणाऱ्या प्रशिक्षकासमोरील खरा प्रश्न हा आहे. नळ्या कशा जोडाव्यात किंवा पट्टी कशी बांधावी, हे शिकविणारे पुष्कळ आहेत.

चेन्नईत या दोन्ही सेवांची घडण वेगवेगळ्या काळात आणि वेगवेगळ्या खात्यांत झाली. मद्रास शहराच्या अग्निशमन दलाची सुरुवात १९०८ मधील. राज्याचा अग्निशमन सेवा अधिनियम १९८५ चा. ही सेवा राज्याच्या गृह विभागाखाली असून तिचे राज्य प्रशिक्षण केंद्र शहराच्या दक्षिणेस तांबरम येथे आहे. परीक्षार्थींनी येथे एक भेद ध्यानात ठेवावा. ७४ व्या घटनादुरुस्तीने जोडलेल्या बाराव्या अनुसूचीत 'अग्निशमन सेवा' हा नगरपालिकांकडे सोपविता येण्याजोगा विषय म्हणून सातव्या क्रमांकावर आहे. महाराष्ट्रात मुंबईसारख्या महानगरपालिका स्वतःची अग्निशमन दले चालवितात. तमिळनाडूत मात्र हे राज्य शासनाचे खाते आहे. चेन्नईतील महापालिकेचा त्यावर ताबा नाही.

१०८ ची रुग्णवाहिका सेवा तमिळनाडूत १५ सप्टेंबर २००८ रोजी सुरू झाली. ती आरोग्य विभागाच्या अखत्यारीत, पण खासगी संस्थेच्या भागीदारीत चालते. गाडीत चालक आणि एक आपत्कालीन वैद्यकीय तंत्रज्ञ असतो. डॉक्टर नियंत्रण कक्षात बसून दूरध्वनीवरून सल्ला देतात. महाराष्ट्रात २०१४ मध्ये सुरू झालेल्या सेवेत गाडीतच डॉक्टर ठेवण्याची पद्धत स्वीकारण्यात आली. यांपैकी कोणती पद्धत श्रेयस्कर, हा वाद येथे सोडविण्याचे कारण नाही. चेन्नईतील प्रशिक्षकाच्या दृष्टीने महत्त्वाचे हे की, घटनास्थळी ढिगाऱ्याजवळ पोहोचणारा वैद्यकीय माणूस तंत्रज्ञ असतो. दबलेल्या रुग्णाला सलाईन लावण्याचा निर्णय त्याला दूरध्वनीवर मिळवावा लागतो, आणि तोवर वीस जण तुळईला हात घालून तिष्ठत असतात. तेव्हा दूरध्वनी कोणी करावयाचा, उत्तर येईपर्यंत 'थांबा' हा शब्द कोणी उच्चारावयाचा आणि तो कोणी मानावयाचा, हे वर्गातच ठरलेले असले पाहिजे.

आगीच्या बाबतीत चेन्नईने दिलेला धडा अधिक कठोर आहे. जानेवारी २०१२ मध्ये, पोंगलच्या सुट्टीत, चेपॉक येथील एळिलगम संकुलातील कलस महाल या अठराव्या शतकातील वास्तूला पहाटेच्या सुमारास आग लागली. छत कोसळून एका अग्निशामकाचा मृत्यू झाला, आणि त्यावेळच्या विभागीय अग्निशमन अधिकारी प्रिया रविचंद्रन यांना गंभीर भाजले. त्या आणि मीनाक्षी विजयकुमार या दोघी २००३ मध्ये तमिळनाडूच्या अग्निशमन सेवेत दाखल झालेल्या पहिल्या महिला अधिकारी होत. त्यांची निवड राज्य लोकसेवा आयोगाच्या परीक्षेतून झाली होती, ही गोष्ट या श्रोतृवर्गाला विशेष जवळची वाटावी. त्याच सुमारास, २००२ मध्ये, नागपूरच्या राष्ट्रीय अग्निशमन सेवा महाविद्यालयात हर्षिनी कान्हेकर या पहिल्या विद्यार्थिनीने प्रवेश घेतला होता.

चेन्नईतील जुन्या इमारतींची छते 'मद्रास टेरेस' नावाच्या पद्धतीने बांधलेली असतात. लाकडी तुळयांवर चुन्यात बसविलेल्या उभ्या विटांचा थर आणि त्यावर पुन्हा चुन्याचा गिलावा. उन्हाळ्यात असे छत सुखद असते. आग लागली की तुळया आतून जळत जातात, वरचा जडशीळ थर मात्र काही काळ जागच्या जागी राहतो. खालून पाहणाऱ्याला छत शाबूत दिसते. ही गोष्ट अग्निशामकाइतकीच रुग्णवाहिकेतील तंत्रज्ञालाही माहीत असावयास हवी. एरवी इमारतीच्या व्हरांड्यात रुग्णाला आडवे करून उपचार सुरू करण्याचा मोह त्याला होणारच.

धुराचेही तसेच आहे. आगीत भाजून मरणाऱ्यांपेक्षा धुराने मरणारे अधिक, हे अग्निशमनाचे प्राथमिक सूत्र आहे. कार्बन मोनॉक्साइड हा वायू हिमोग्लोबिनला ऑक्सिजनच्या दोनशेहून अधिक पट आसक्तीने चिकटतो. रुग्णाच्या बोटाला लावले जाणारे नेहमीचे पल्स ऑक्सिमीटर हा फरक ओळखू शकत नाही. रक्तात विष भिनलेले असतानाही ते ९८ टक्के असा निर्धोक आकडा दाखविते. तंत्रज्ञ त्या आकड्यावर विसंबला तर रुग्ण हातचा जातो. त्याला सावध करू शकणारा माणूस एकच, तो म्हणजे रुग्णाला आतून बाहेर आणणारा जवान. खोली बंद होती का, धूर किती वेळ कोंडला होता, माणूस सापडला तेव्हा बेशुद्ध होता का, हे त्यालाच ठाऊक असते. ही तीन वाक्ये स्ट्रेचरबरोबर गाडीत पोहोचली, तर तंत्रज्ञ आकडा बाजूला ठेवून पूर्ण प्रवाहाने ऑक्सिजन चालू करतो. शुद्ध ऑक्सिजनवर हा वायू रक्तातून निम्मा होण्यास साधारण तास-दीड तास लागतो. साध्या हवेत चार-पाच तास लागतात. रुग्णाची सुपूर्दगी हा औपचारिक कागदी सोपस्कार नसून उपचाराचाच एक भाग आहे, हे शिकविण्यासाठी याहून चांगले उदाहरण मिळणे कठीण.

मग असा वर्ग चालवावा कसा? पहिला नियम असा की, सरावात दोन्ही सेवांच्या मिश्र तुकड्या असाव्यात आणि निदान एकदा भूमिकांची अदलाबदल व्हावी. तंत्रज्ञाने श्वसनयंत्र पाठीवर घेऊन, डोळ्यांपुढे काळोख असताना जिना चढून पाहावा. अर्ध्या-पाऊण तासाची म्हणून दिलेली हवा श्रमात किती लवकर संपते, हे त्याला एकदा अनुभवाने कळले म्हणजे बाहेर येणाऱ्या जवानाकडेही तो संभाव्य रुग्ण म्हणून पाहू लागतो. चेन्नईच्या मे महिन्यातील उष्म्यात आणि समुद्रकाठच्या दमट हवेत जाड अंगरखा घालून काम करणाऱ्याला उष्माघाताचा धोका आगीइतकाच असतो. दमट हवेत घाम सुकत नाही आणि शरीर थंड होत नाही. म्हणून दोन फेऱ्यांच्या मध्ये सावली, पाणी आणि नाडीची तपासणी या गोष्टी सक्तीच्या असाव्या लागतात. 'मला काही झालेले नाही' असे म्हणणाऱ्या जवानाला खाली बसविण्याचा अधिकार तंत्रज्ञाला द्यावा लागतो. शिस्तबद्ध, गणवेशधारी दलात ही गोष्ट वाटते तितकी सोपी नाही. पद आणि वय यांची आड येते, आणि ती दूर करण्यासाठी वरिष्ठ अधिकाऱ्याने स्वतः सर्वांसमोर खाली बसून नाडी तपासून घेणे याखेरीज अन्य उपाय सहसा चालत नाही.

दुसरा नियम सुरक्षेचा. थेट आगीच्या सरावात पीडिताच्या भूमिकेसाठी जिवंत माणूस वापरावयाचा नाही. पुतळाच वापरावयाचा. अमेरिकेत १९८२ मध्ये अशा सरावातच दोन अग्निशामक मृत्युमुखी पडले आणि त्यानंतर १९८६ मध्ये थेट आगीच्या प्रशिक्षणासाठी स्वतंत्र मानक तयार करण्यात आले. प्रशिक्षणाने माणूस गमवावा, यासारखी दुसरी नामुष्की नाही.

तिसरी बाब वर्गवारीची. रुग्ण अनेक आणि हात थोडे, अशा वेळी कोणाला आधी न्यावयाचे? 'स्टार्ट' नावाची जगभर रूढ झालेली पद्धत १९८३ मध्ये कॅलिफोर्नियातील न्यूपोर्ट बीचच्या अग्निशमन दलाने आणि तेथील होग रुग्णालयाने मिळून तयार केली. ती घडविणाऱ्यांतच दोन्ही सेवा होत्या. चालू शकणारे हिरव्या गटात. श्वसन मिनिटाला तीसहून अधिक, नाडी हाती लागत नाही किंवा साधी आज्ञा कळत नाही, यांपैकी काहीही असल्यास लाल. तातडी तितकी नसलेले पिवळे. श्वासमार्ग मोकळा करूनही श्वास नसलेला काळा. प्रत्येक रुग्णामागे मिनिटभरही खर्च करावयाचे नाही. नियम पाठ होण्यास अर्धा तास पुरतो. काळी पट्टी बांधून पुढे सरकणे मात्र काही जणांना शेवटपर्यंत जमत नाही. सरावाच्या वेळी पुतळ्यावरही छातीदाबन सुरू करणारा, पुढच्या पाच रुग्णांना विसरणारा जवान प्रत्येक तुकडीत असतो. त्याला हसू नये. त्याच्यातील ती ओढ एरवी एकच रुग्ण असताना जीव वाचविते.

भाषेचा मुद्दा छोटा, पण चेन्नईत टाळता न येणारा. वर्गातील संज्ञा इंग्रजी, प्रशिक्षणार्थींची भाषा तमिळ, आणि मौलिवाक्कमसारख्या ठिकाणी ढिगाऱ्याखालून येणारा आवाज तेलुगू किंवा ओडिया असू शकतो. 'कोठे दुखते', 'पाय हलवा', 'आणखी कोणी आहे का' अशी चार-पाच वाक्ये तीन-चार भाषांत पाठ असणे, हाही अभ्यासक्रमाचा भाग असावयास हवा.

धोरणाच्या पातळीवर अलीकडच्या काळात बरेच घडले आहे. आपत्ती व्यवस्थापन अधिनियम २००५ मुळे राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दल अस्तित्वात आले. २०१९ च्या मोटार वाहन (सुधारणा) अधिनियमाने 'गोल्डन अवर' म्हणजे गंभीर दुखापतीनंतरचा पहिला तास, अशी व्याख्या केली आणि कलम १३४-अ अन्वये अपघातग्रस्ताला मदत करणाऱ्यास संरक्षण दिले. तमिळनाडूने डिसेंबर २०२१ मध्ये रस्ते अपघातातील जखमींच्या पहिल्या ४८ तासांतील उपचारांचा खर्च उचलणारी योजना सुरू केली. पंधराव्या वित्त आयोगाच्या शिफारशीनुसार राज्यांच्या अग्निशमन सेवांचा विस्तार व आधुनिकीकरण यांसाठी ५,००० कोटी रुपयांची केंद्रीय योजना २०२३ मध्ये कार्यान्वित झाली. शिड्या, बंब आणि श्वसनयंत्रे यांची गरज आहेच. तथापि दोन खात्यांनी एकत्र सराव करण्यास पैसा फारसा लागत नाही. लागते ती दोन कार्यालयांच्या सहीची एक तारीख, आणि ती मिळविणे हे प्रशिक्षण प्रमुखाचे सर्वांत कंटाळवाणे काम असते.

आणि ते एकदा करून संपत नाही. छातीदाबन म्हणजे मिनिटाला १०० ते १२० वेळा, पाच ते सहा सेंटिमीटर खोल, हे शिकलेल्या माणसाचे हात सरावाविना अवघ्या काही महिन्यांत मंदावतात, असे वारंवार आढळून आले आहे. कंत्राटी सेवेत माणसेही बदलतात. आज शिकलेला तंत्रज्ञ वर्षभराने दुसऱ्या नोकरीत असतो आणि त्याच्या जागी आलेल्याला तांबरमच्या जवानांची तोंडओळखही नसते. म्हणून प्रमाणपत्रे वाटण्यापूर्वी पुढील उजळणीची तारीख, आणि तोवर कोणत्या केंद्राचा कोणत्या रुग्णवाहिकेशी दरमहा अर्धा तास सराव होणार याचा तक्ता, दोन्ही खात्यांच्या हाती द्यावा लागतो.