विझलेल्या सूर्याचा सोबती



आजच्या विषयातला तारा नुसत्या डोळ्यांना दिसत नाही, हे आम्ही आधीच सांगून टाकतो. उत्तरेकडे कालेय नावाचा जो तारकासमूह आहे, त्याच्या दिशेला सुमारे ८० प्रकाशवर्षांवर तो आहे. त्याचे नाव डब्ल्यूडी १८५६. ज्योतिर्विदांना अलीकडे बारशांचा कंटाळा आलेला दिसतो!

हा तारा श्वेत बटू जातीचा. सूर्यासारखा तारा आपले इंधन जाळून संपवतो, फुगून तांबडा राक्षसी होतो, बाहेरचे थर अवकाशात उधळून देतो आणि मागे उरतो तो गाभा. तोच श्वेत बटू. या ताऱ्याचे वजन निम्म्या सूर्याहून थोडे अधिक, आकार मात्र पृथ्वीच्या दीडपटीच्या आत. भट्टी विझलेली, केवळ धग शिल्लक.

२०२० साली अँड्र्यू व्हँडरबर्ग व त्यांच्या सहकाऱ्यांनी टेस या उपग्रहाच्या नोंदींवरून दाखवून दिले, की दर ३४ तासांनी या ताऱ्याचा प्रकाश निम्म्याहून कमी होतो आणि आठ मिनिटांत पूर्ववत होतो. आड येणारी वस्तू गुरूएवढी, म्हणजे ताऱ्याच्या सुमारे सातपट रुंद! लिंबाभोवती भोपळा फिरावा तसा हा प्रकार. फिरतो मात्र भोपळाच, कारण वजन सगळे लिंबात आहे.

पण हा ग्रहच कशावरून? एखादा निस्तेज तारा का नव्हे? याचे उत्तर मोठ्या युक्तीने काढले आहे. तेच ग्रहण स्पिट्झर या अवकाश दुर्बिणीतून अवरक्त किरणांत पाहण्यात आले. आड येणारी वस्तू स्वतः तप्त असती, तर ग्रहणकाळीही तिच्या उष्ण किरणांची भर पडून अवरक्तातली घट कमी भरली असती. घट दोन्हीकडे सारखीच भरली. पुढे २०२५ साली वेब दुर्बिणीने तपमानही मोजले : शून्याखाली सुमारे ८७ अंश सेल्सिअस, आणि वजन गुरूच्या सहापटींच्या आत.

खरे कोडे पुढेच आहे. हा ग्रह ताऱ्यापासून अवघ्या ३० लाख किलोमीटरांवर आहे. तारा फुगला तेव्हा ही जागा त्याच्या पोटात होती! मग ग्रह वाचला कसा? कोणी म्हणतात, तो गिळला गेला खरा, पण आतून घुसळून त्याने ताऱ्याचे थरच भिरकावून दिले. इतरांच्या मते तो पूर्वी दूर होता आणि नंतर आत आला. या ताऱ्याला दूरवर दोन तांबडे बटू सोबती आहेत, त्यांच्या ओढीने कक्षा लांबट होत गेली असेल. आम्हांला दुसरे मत अधिक पटते. इतक्या हलक्या ग्रहाच्या अंगी ताऱ्याचे थर उडविण्याचे बळ कोठून यावे?

आपला सूर्यही सुमारे ५०० कोटी वर्षांनी याच वाटेने जाईल. बुध आणि शुक्र बहुधा गिळले जातील. पृथ्वीविषयी जाणत्यांत मतभेद आहे. गुरू ७८ कोटी किलोमीटरांवर असल्यामुळे वाचेल, आणि सूर्याला तसे सोबती नसल्यामुळे निदान त्या ओढीने तरी तो आत यायचा नाही.