खंडगुणन : पाढा अडला तर



बाराचा पाढा विसरलेले मूल पाटी पुढ्यात घेऊन मुके बसते. त्यास गणित येतच नाही, असा निर्णय शिक्षकाने घाईने करू नये. भास्कराचार्यांनी इ. स. ११५० मध्ये रचलेल्या ‘लीलावती’त १३५ ला १२ ने गुणण्याच्या अनेक रीती आहेत. १२ चे ८ व ४ असे खंड पाडले, की १०८० आणि ५४० मिळून १६२० होतात. प्रथम ३ ने व मग ४ ने गुणले, तरी ४०५ वरून १६२० च येतात. दसपट १३५० मध्ये दुप्पट २७० मिळविली, तरी उत्तर तेच.

पाढे पाठ हवेतच. परंतु संख्या फोडून जोडता येते, हे उमगलेले मूल अडून राहत नाही. म्हणून उत्तर बरोबर पण रीत निराळी असेल, तर पाटीवर फुली मारू नये. ती रीत त्याच मुलाकडून वर्गास सांगवावी.