तीन दिशांचे सत्य



निसर्गचित्रातील रस्ता दूर जाता जाता निमुळता होतो. डोळ्यालाही तो तसाच दिसत असल्यामुळे पाहणाऱ्याचे समाधान होते. यंत्र जोडणाऱ्या कारागिराला मात्र असे चित्र उपयोगी पडत नाही. मागचा दांडा खरोखरच आखूड आहे, की केवळ दूर असल्यामुळे आखूड दिसतो, हे त्याला चित्रावरूनच कळावे लागते.

केंब्रिज विद्यापीठातील प्राध्यापक विल्यम फॅरिश यांच्यापुढे नेमकी हीच अडचण होती. उद्योगधंद्यांतील यंत्रांवर ते व्याख्याने देत. त्यासाठी चाके, आस, दांडे यांचा एक सामायिक साठा ठेवलेला असे. त्यातून व्याख्यानापुरती प्रतिकृती उभारली जाई आणि पुढे ती मोडून सुटे भाग पुन्हा साठ्यात जात. जोडणीचे काम साहाय्यकांकडे असल्यामुळे, एका दृष्टिक्षेपात संपूर्ण रचना दाखवील आणि मापही देईल, असे चित्र त्यांच्या हाती असणे आवश्यक होते. १८२२ साली प्रसिद्ध झालेल्या निबंधात फॅरिश यांनी या चित्रपद्धतीचे नियम मांडले व तिला ‘आयसोमेट्रिकल’, म्हणजे समान मापाची, असे नाव दिले.

या पद्धतीचे तत्त्व साधे आहे. एखादा घन एका कोपऱ्यावर तोलून धरला आणि बरोबर समोरच्या कोपऱ्याच्या रेषेतून दुरून पाहिला, तर त्याची बाह्याकृती षट्कोनी दिसते. लांबी, रुंदी व उंची यांच्या दिशा एकमेकींशी १२० अंशांचा कोन करतात. उंचीच्या कडा उभ्या राहतात, तर उरलेल्या दोन दिशांच्या कडा आडव्या रेषेशी ३० अंशांनी कललेल्या दिसतात. तिन्ही दिशांतील कडा सारख्याच प्रमाणात आखूड होतात, म्हणजे मूळ लांबीच्या सुमारे ८१.६ टक्के उरतात. तिन्हींना एकच प्रमाण लागू असल्यामुळे आरेखक ही घट सोडून देतो व पूर्ण माप घेतो. समांतर रेषा समांतरच राहतात. दूरची वस्तू लहान होत नाही.

टी-पट्टी आणि गुण्या यांच्या साहाय्याने हे काम दीड शतकाहून अधिक काळ चालले. पुढे संगणक आला. १९८७ मधील इलस्ट्रेटर, २००३ मध्ये सुरू झालेले इंकस्केप यांसारखी व्हेक्टर-चित्रणाची साधने आकृतीची नोंद बिंदू व वक्ररेषा यांच्या गणिती रूपात ठेवतात. त्यामुळे आकृती कितीही ताणली वा फिरवली, तरी तिची कड फाटत नाही.

या साधनांत आयसोमेट्रिक बाजू तयार करण्यासाठी तीन पायऱ्या पुरतात. प्रथम बाजूचे सपाट चित्र समोरून पाहिल्याप्रमाणे काढावे. मग त्याची उंची ८६.६०२ टक्के करावी, ते आडव्या दिशेने ३० अंश तिरके करावे, आणि शेवटी ३० अंश फिरवावे. उजव्या बाजूसाठी चित्र उजवीकडे तिरके करून घड्याळाच्या काट्यांच्या उलट दिशेने फिरवतात. डाव्या बाजूसाठी डावीकडे तिरके करून काट्यांच्या दिशेने. वरच्या बाजूसाठी ते उजवीकडे तिरके करून काट्यांच्या दिशेने फिरवले जाते. कोनाच्या धन-ऋण चिन्हांचा संकेत प्रत्येक साधनात सारखा नसतो. म्हणून आधी एका चौरसावर प्रयोग करून पाहणे इष्ट.

८६.६०२ हा आकडा कोठून आला, असा प्रश्न श्रोत्यांच्या मनात येईल. तिरके केल्यावर उभी कड कलते आणि लांबते. ती पुन्हा मूळ लांबीची भरावी, म्हणून तेवढीच आधी कमी करून ठेवायची. ३० अंशांच्या कोज्येचे मूल्य ०.८६६०२ हेच ते प्रमाण होय. हे जाणणाऱ्याला तीन पायऱ्या पाठ कराव्या लागत नाहीत. न जाणणारा एक पायरी गाळतो आणि घनाची पेटी का लांबट झाली, हे त्याला उमगत नाही.

मात्र या चित्रातील मापाचे सत्य तीन दिशांपुरतेच आहे. १०० मिलिमीटर बाजूच्या चौरसाचे दोन्ही कर्ण प्रत्यक्षात सुमारे १४१ मिलिमीटर असतात. आयसोमेट्रिक चित्रात एक १७३ भरतो, दुसरा १००. त्याच चौरसात बसणारे वर्तुळ लंबवर्तुळ होते व त्याचे अक्ष सुमारे १२२ आणि ७१ मिलिमीटर येतात. यास्तव लंबवर्तुळ अंदाजाने काढू नये. चाक असो वा अक्षरे, ती सपाट चित्रातच काढून सर्वांचे एकत्र रूपांतर करावे. तिरक्या आधाराची लांबी तर चित्रावरून मुळीच मोजू नये. ती आकड्यांत लिहून द्यावी.

याहून सूक्ष्म धोका खोलीचा आहे. उजव्या बाजूने एक पाऊल मागे, डाव्या बाजूने एक पाऊल मागे, आणि मग एक पाऊल खाली गेले, तर कागदावर आरंभीच्याच बिंदूवर परत येणे घडते. अवकाशात दोन ठिकाणे वेगळी, चित्रात एकच! लायोनेल व रॉजर पेनरोज यांनी १९५८ मध्ये प्रसिद्ध केलेला अशक्य त्रिकोण आणि एशरचे १९६१ मधील ‘धबधबा’ हे चित्र याच संदिग्धतेवर उभे आहे. कलावंताच्या हाती ती गंमत ठरते. जोडणीच्या पत्रकात मात्र तीच फसवणूक होते. एखादा सुटा बोल्ट मोकळ्या जागेत काढला, तर तो पुढच्या छिद्रावर आहे की मागच्या, हे कारागिराने कसे ओळखावे? बोल्टापासून छिद्रापर्यंत तुटक रेषा ओढावी, पुढच्या भागाने मागचा काही अंशी झाकावा, तिन्ही बाजूंना ठरावीक छटा द्याव्यात. एवढ्याने बहुतेक संशय फिटतो.

अशा सपाट रूपांतराने काम करताना संगणकाला यातले काहीच ठाऊक नसते. त्याच्या लेखी वर-खाली ठेवलेले काही समभुज चौकोन आहेत, घन नाही. कोणता भाग पुढे आणि कोणता मागे, हा क्रम आरेखकाने द्यावयाचा असतो. फॅरिश यांच्या साहाय्यकाला चित्रावर विश्वास ठेवून चाक आसावर चढवावे लागे. आज पत्रक समोर ठेवून यंत्र जोडणारा कारागीरही तेच करतो. कोणत्या दिशांत माप घ्यावे आणि कोणत्या दिशांत घेऊ नये, हे त्याला स्पष्ट सांगणे आरेखकाचे कर्तव्य आहे, मग हातात गुण्या असो वा संगणक.