बंधुमंडळाचें दार
(रेणापूर येथें जुबिलीच्या सभेंत दिलेलें व्याख्यान)



जुबिलीच्या सभेंत वर्षांचा व विटांचा हिशेब सांगण्याचा प्रघात आहे. तें काम चिटणीसांनीं आमच्याहून पुष्कळ चांगलें केलें आहे. आम्ही समुद्रापलीकडची एक हकीकत सांगणार आहों. ती रेणापुरांत कां सांगावीशी वाटली, हें ओघानें कळेलच.

फिलिपाईन बेटांवर स्पेनची सत्ता असतां लुकबान गांवीं आपोलिनारियो द ला क्रूझ नांवाचा एक शेतकऱ्याचा मुलगा वाढला. संन्याशी व्हावें ही त्याची एकच आस. तो मनिलास गेला. पण तेथील देशी माणसांस ‘इंदियो’ म्हणत, आणि इंदियोला संन्याशी संघांत जागा नव्हती. त्यानें सान हुआन द दियोस रुग्णालयांत चाकरी धरली, रुग्णांची सेवा केली, धर्मग्रंथ वाचले, आणि डिसेंबर १८३२ मध्यें आपल्या गांवच्या थोड्या सोबत्यांसह संत योसेफाच्या नांवें एक बंधुमंडळ स्थापिलें. संत योसेफाचा सण १९ मार्चचा. म्हणून दर महिन्याच्या १९ तारखेस मिस्सा, प्रार्थना, आणि प्रत्येकाकडून अल्पशी वर्गणी. यांत बंडाचें तें काय असावें? परंतु सभासद हजारोंनीं वाढले, तेव्हां धर्माधिकाऱ्यांनीं मान्यता नाकारली आणि सरकारास संशय आला. १८४१ च्या नोव्हेंबरारंभीं फौज चालून आली; शेंकडों माणसें पडलीं. ४ नोव्हेंबर १८४१ रोजीं आपोलिनारियोंस गोळ्या घालण्यांत आल्या. त्यांनीं तिशीही पाहिली नव्हती. लोक आजही त्यांस ‘हेर्मानो पुले’, म्हणजे पुलेबंधु, म्हणतात. पुढें ७ जुलै १८९२ रोजीं मनिलांत आंद्रेस बोनिफासियो यांनीं ‘कातिपुनान’ हा गुप्त संघ काढला, त्याचेही सभासद एकमेकांस बंधुच मानीत; पण ती राजकारणाची कथा आहे, ती येथेंच सोडूं.

आतां आपल्या बाजूस येऊं. हेंच दुःख आपल्या शेजारीं गोमंतकांत त्याच्या दोन शतकें आधीं भोगलें गेलें होतें. गोव्यांत देशी लोकांस धर्मगुरुपदाची दीक्षा मिळूं लागली होती खरी, पण युरोपीय संन्याशी संघांचीं दारें त्यांस लागलेलींच असत. दिवाडी बेटाचे मातेउश द कास्त्रो यांस तर गोव्यांत दीक्षाही मिळेना. ते रोमला गेले, १६३७ सालीं बिशप झाले आणि पुढें परतले. त्यांच्यानंतर, १६८२ च्या सुमारास, कांहीं गोमंतकीय धर्मगुरु आपल्याच बळावर एकत्र राहूं लागले. १६८५ सालीं बाणावलीचे जोसेफ वाझ त्यांस येऊन मिळाले. त्यांनीं त्या लहानशा मेळ्यास संत फिलीप नेरीच्या ऑरेटरीचे नियम लावून दिले, आणि जुन्या गोव्याच्या टेंकडीवर देशी धर्मगुरूंचा एक रीतसर संघ उभा राहिला.

या संघानें काय केलें तें ऐका. सिंहलद्वीपाचा किनारा डच लोकांनीं घेतला होता आणि कॅथॉलिक धर्मगुरूंस तेथें बंदी होती. १६८७ सालीं वाझ हे जॉन नांवाच्या सेवकासह भिकाऱ्याच्या वेषांत जाफन्यास उतरले. १६९२ सालीं कँडीच्या राजानें त्यांस हेर समजून कैदेंत टाकिलें. १६९७ सालीं त्या नगरांत देवीची साथ आली. घरचीं माणसें रुग्णांस टाकून पळालीं, तेव्हां वाझ व त्यांचे सोबती फादर जोसेफ कार्व्हाल्यु यांनीं रुग्णांस पाणी पाजलें, मेलेल्यांस खांद्यावर वाहून पुरलें. १६ जानेवारी १७११ रोजीं वाझ कँडींतच निवर्तले, आणि १४ जानेवारी २०१५ रोजीं पोप फ्रान्सिस यांनीं कोलंबो येथें त्यांस संतपद दिलें. युरोपाच्या माणसाचा हात न लागतां आशियाच्या लोकांनीं चालविलेलें हें मिशन! पोर्तुगीज सरकारनें १८३५ मध्यें गोव्यांतील संघ बंद केले, त्यांत ही ऑरेटरीही गेली.

येथवर आपण टाळ्या वाजविल्या, त्या योग्यच आहेत. आतां जें सांगावयाचें तें टाळ्यांचें नाहीं. ज्या ऑरेटरीनें गोऱ्यांच्या दाराबाहेर उभें राहण्याचें दुःख भोगलें, तिनें आपलें दार ब्राह्मण कुळांतील धर्मगुरूंपुरतेंच उघडें ठेविलें. पुलेबंधूंच्या मंडळांतही त्यांच्या अनुज्ञेवांचून स्पॅनिश वा मिश्र वंशाच्या माणसास प्रवेश नव्हता. गोव्यांत गांवोगांवीं चर्चच्या कोंफ्रारिया, म्हणजे आपल्या या बंधुमंडळांच्या थोरल्या बहिणी, सणास रंगीत झूल पांघरून मिरवत आल्या. त्यांतील कित्येकींत झूल कोणीं पांघरावी हें जातीवरून ठरत असे. संत जोसेफ वाझांची थोरवी यानें उणी होत नाहीं, असें आमचें मत आहे. पण ज्या घरांत ते राहिले त्या घराचा दोष झांकून आम्ही त्यांचा जयजयकार करूं शकत नाहीं.

आमच्या मराठवाड्यांत ख्रिस्ताकडे आले ते बहुतेक महार व मांग समाजांतील लोक. पाणवठ्यापासून देवळापर्यंत प्रत्येक उंबरठ्याबाहेर ज्यांस उभें केलें गेलें, त्यांस बंद दार म्हणजे काय तें फिलिपाईनकरांनीं शिकवावयास नको. तरीही आम्हीं एका गांवीं डोळ्यांनीं पाहिलें आहे कीं, एका म्हातारीच्या प्रेतास खांदा देण्यास चार माणसें मिळेनात. कारण ती ‘त्यांच्यांतली’ होती, आणि हें ‘ते’ व ‘आम्ही’ दोघेही एकाच वेदीपाशीं ख्रिस्तशरीर घेणारे! शेवटीं तिसरा प्रहर टळल्यावर धर्मगुरूंनीं स्वतः तिरडी उचलली, तेव्हां कोठें दोघे पुढें आले.

म्हणून या जुबिलीच्या वर्षीं येथें संत योसेफाचें बंधुमंडळ काढण्याचा जो विचार समितीनें मांडला आहे, त्यास आमचा मनापासून दुजोरा आहे; परंतु त्याच्या घटनेंत तीन गोष्टी लिहून ठेवाव्या. सभासदाच्या नांवापुढें जातीचा रकाना नसावा. वर्गणी सालदाराच्या घरासही जड न वाटेल इतकीच असावी, आणि ऊंसतोडीस गेलेल्यांची ती परत आल्यावर घ्यावी. आणि धर्मग्रामांत कोणीही वारलें, मग तें मंडळांत असो वा नसो, तर पहिला खांदा मंडळाच्या अध्यक्षांनीं द्यावा. घटनेंत बाकी काय असावें तें समितीनें पाहावें.

वही पवित्र वेदीच्या उजव्या बाजूस मेजावर ठेविली आहे. आम्हीं आमचें नांव सकाळींच लिहिलें. त्याच्या खालच्या ओळी मोकळ्या आहेत.